अकराशे अडतीस घरं

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा दिवस सुरू व्हायचा. साडेचार नाही, पाच नाही. ट्रक साडेसातला गिऱ्हाइकाच्या घराशी लागायचा, टोळी ट्रकबरोबर यायची आणि मुकादमाने एक तास आधी तिथे हजर असावं हा नियम त्याचा त्यानेच केला होता. त्या तासाची मजुरी कोणी दिली नाही. त्यानेही कधी मागितली नाही.

आम्ही त्याला ओळंबा म्हणायचो. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. कपाट ठेवलं की हा एक डोळा मिटून बघायचा, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा आणि पुन्हा बघायचा. टोळी डबे उघडून बसली तरी याचं कपाट चालूच. घरसामान हलवण्याच्या कामात त्याच्या चौतीसपैकी एकोणतीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढली. जिना चढताना वरचं टोक त्याचं, खालचं माझं. खालच्या माणसावर वजन जास्त येतं, हे मी त्याला अजून ऐकवतो. तो म्हणतो, "आणि उलटं कोण चालत होतं रे?"

गाठ मारताना दोन्ही हात वस्तूला लागलेले असायचे, म्हणून दोराचं टोक तो दातात धरायचा. समोरचे चार दात त्या सवयीने गेले. बाकीचे वयाने.

मी कामाला लागून वर्ष झालं असेल. एका आंधळ्या गृहस्थांचं घर हलवलं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, निवृत्त झालेले, एकटेच राहायचे. आम्ही सामान नव्या घरात नीट लावलं. आमच्या मते नीट. संध्याकाळी ओळंबा सही घ्यायला गेला, तर ते खोलीच्या मधोमध उभे होते. गुडघा सोललेला, हातात काठी. चिडले नाहीत. म्हणाले, "मुकादम, सामान सगळं आणलंत. घर तेवढं तिकडे विसरलात."

ओळंबा परत गेला, जुन्या घरमालकाकडून किल्ली घेतली आणि रिकाम्या खोल्यांत फरशीवर राहिलेले डाग बघून कुठे काय होतं ते पुठ्ठ्यावर काढून आणलं. खाटेच्या पायांचे चार डाग, टेबलाचे चार, स्टुलाचे तीन. त्या रात्री आम्ही ते घर दुसऱ्यांदा लावलं. मी शिव्या देत लावलं.

तेव्हापासून सकाळचा तो एक तास. पहिला कप गुंडाळला जाण्याआधी, घर अजून घर असताना, तो खोली-खोलीत फिरायचा. नऊ वर्षं पुठ्ठ्यावर काढलं. पुढे छोटा कॅमेरा घेतला आणि फोटो काढायला लागला. चारही भिंती, मग कपाटावर काय, खिडकीत काय, दारामागे काय. नव्या घरात तो फोटो बघत सांगायचा आणि आम्ही ठेवायचो. "दोन बोटं डावीकडे. हं. आता घड्याळ." बायकामाणसं रडायला लागलेली मी पाहिली आहेत. नव्या घरात स्वयंपाकाला उभं राहिलं की हात बरोबर मिठाच्या बरणीवर जायचा, त्याचं रडू.

फोटो ठेवायला कॉम्प्युटरही अशाच एका घरातून आला. मालक म्हणाला, हे धूड नेऊ नका, टाकून द्या. ओळंब्याने ते घरी नेलं आणि शिलाई मशीनच्या शेजारी ठेवलं. वहिनींनी त्याला जुन्या पडद्याची खोळ शिवली. दर रविवारी सकाळी तो कॅमेऱ्यातले फोटो त्यात उतरवायचा. प्रत्येक घराचं एक फोल्डर. माणसाचं नाव नाही, घराची खूण: "पिवळं दार, तिसरा मजला". "कुत्र्याचं घर, कुत्रा नाही". आत दोन कप्पे, "आधी" आणि "नंतर". टायपिंग एका बोटाने, पण एक अक्षर चुकलेलं सापडणार नाही. एकोणीस वर्षांत अकराशे अडतीस घरं झाली. मग आम्ही दोघं निवृत्त झालो.

गेल्या वर्षी एका सकाळी त्याच्याकडे एक शिक्षिका आल्या. मी तिथेच चहा पीत होतो. त्यांनी ओळख दिली: अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या आईला आम्ही जुन्या दोन खोल्यांतून लेकीच्या घरी आणलं होतं. ओळंब्याने तेव्हा आईची खोली होती तशी लावून दिली होती. पुढे घरात रंग झाला, कपाट बाहेर गेलं, खाट फिरवली. कोणाचं काही अडलं नाही. आता आई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांना कशाचीच खूण पटत नव्हती.

"रोज सकाळी पिशवी भरून दाराशी उभी राहते," शिक्षिका म्हणाल्या. "म्हणते, पुरे झालं तुमच्याकडे, मला घरी सोडा. डॉक्टर म्हणाले, तिची जुनी खोली होती तशी करून बघा. सामान सगळं आहे हो. पण काय कुठे होतं, मला आठवत नाही. मुलगी असून आठवत नाही. तुम्ही तेव्हा फोटो काढले होते ना?"

"निळं कुलूप, मागचा जिना," ओळंबा म्हणाला आणि खोळ काढायला उठला.

कॉम्प्युटर सुरू व्हायला पाऊण तास लागला. आतून टक, टक, टक असा आवाज. "निळं कुलूप" सापडलं. पहिला फोटो उघडायला लागला: भिंतीचा वरचा भाग आला, घड्याळाची वरची कड आली आणि खाली सगळं राखाडी. मग स्क्रीन गोठली.

"होईल," ओळंबा शिक्षिकांना म्हणाला. "आठ दिवस द्या मला. खोली लावून देतो." मी त्याच्याकडे बघितलं. शब्द देताना तो कधी घाई करत नसे.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. दुकान दोन माणसं उभी राहतील एवढंच. त्यांनी कान लावला.

"काका, ही डिस्क चालली."

"कुठे चालली?"

"वर. लवकर नवीन डिस्क घ्या आणि सगळं तिच्यावर हलवा. ठेवून जा माझ्याकडे, दोन दिवसांत करून देते."

हलवा हा शब्द त्याच्या कानावर पडायला नको होता. "बाई, चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं? डिस्क द्या आणि कसं जोडायचं तेवढं सांगा."

बाईंनी पुष्कळ समजावलं. शेवटी नवी डिस्क एका डबीत बसवून वायरीसकट दिली आणि बजावलं, "झालं की उघडून बघा, काका. आणि जुनीला हात लावू नका. मला आणून दाखवा आधी." ओळंब्याने मान डोलावली. ती मान मला ठाऊक होती. गिऱ्हाईक म्हणतं, काचेचं आहे, जपून. तेव्हा तो डोलवायचा ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. त्याने सगळी घरं एका वेळी उचलली आणि नव्या डिस्कवर सोडली. हिरवी पट्टी सरकायला लागली. मला काही काम नव्हतं, तरी खांदा दुखल्यासारखा वाटत होता.

थोड्या वेळाने पट्टी थांबली. एक चौकोन आला, इंग्रजीत काही लिहिलेलं, खाली तीन बटणं. ओळंब्याने एक दाबलं, काम बंदच पडलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चौकोन. या वेळी मधलं दाबलं, पट्टी पुढे गेली.

"हे कामाचं आहे," तो म्हणाला.

"काय विचारतंय ते वाच तरी."

"ओझं खांद्यावर असताना गप्पा मारायच्या नसतात."

अकरापर्यंत त्याने ते मधलं बटण वीसेक वेळा दाबलं असेल. मग चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक खूण करायची जागा दिसली. तिथे खूण केली आणि चौकोन यायचा बंद झाला. ओळंबा खूश झाला. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, ते विचारत होतं तोवर बरं होतं. यांना कोणी विचारायचं बंद झालं की मला धास्ती वाटते."

दुपारी तीनला पट्टी संपली. आता मोजणी. आमच्या धंद्यात सामान नगावर मोजतात. जुन्या घरातून किती नग निघाले, नव्यात किती पोचले. बांधलेला नग उघडायचा नाही. एकदा उघडला की चमचा हरवल्याचा आळ आपल्यावर. त्याने जुनी डिस्क मोजली, मी नवी मोजली. पाटीवर रेघा ओढून, पाच-पाचच्या जुड्या करून. त्याचे अकराशे अडतीस, माझे अकराशे अडतीस.

"झाडू," ओळंबा म्हणाला.

हाही धंद्याचा रिवाज. शेवटचा नग ट्रकमध्ये चढला की मुकादम जुनं घर झाडून काढतो. खिळा, दोरी, कागदाचा कपटा मागे ठेवायचा नाही. त्याने जुन्या डिस्कवरची सगळी घरं निवडली आणि पुसून टाकली. मग स्क्रीनवरची केराची टोपली रिकामी केली. टोपली भरलेली ठेवली तर घर झाडलं असं कोण म्हणेल? मी शेजारी बसलो होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

मग त्याने नव्या डिस्कवरचं "निळं कुलूप" उघडलं. "आधी" उघडलं. पांढरं. "नंतर" उघडलं. पांढरं. त्याच्या शेजारचं घर उघडलं, तिथे तीन फोटो. त्याच्या पुढचं रिकामं. खोकी सगळी पोचली होती. आत सामान नव्हतं.

 टक टक चालूच होती. ओळंब्याने हात पुढे केला आणि कॉम्प्युटर बंद केला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. पियानो जिन्यावरून निसटला होता त्या दिवशीही तो असाच बसला होता, पण तेव्हा आम्ही तरुण होतो.

सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दारात. बाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ते बटण काय म्हणत होतं माहितीये? हे उचलता येत नाही, सोडून पुढे जाऊ का. आणि तुम्ही म्हणत गेलात, जा, जा."

"मी कधी नग सोडून गेलो नाही," ओळंबा हळू म्हणाला.

"पुसल्यावर किती वेळ चालू ठेवलात?"

"लगेच बंद केला. तो आवाज ऐकवेना."

बाई जरा सैल झाल्या. "मग वाचलात कदाचित. पुसलं म्हणजे नुसत्या दारांवरच्या पाट्या काढल्यात. खोल्यांतलं सामान आहे तिथेच असतं, वर दुसरं काही ठेवेपर्यंत. पण डिस्क आजारी. मी हात लावणार नाही. मोठ्या शहरात यासाठी एक प्रयोगशाळा आहे, तिथे पाठवावी लागेल." मग त्यांनी खर्च सांगितला. ओळंब्याने ओठ आत ओढले. दात नसलेल्या माणसाचे ओठ फार आत जातात.

कारण त्याच्याकडे तेवढेच पैसे होते, दातांसाठी ठेवलेले. चौतीस वर्षांच्या कामातून मुलींची लग्नं, वहिनींचं ऑपरेशन, घराचं छप्पर जाऊन जे उरलं ते. दंतवैद्याने मापही घेतलं होतं.

तिथून तो थेट शिक्षिकांकडे गेला. खरं सांगायचं म्हणून. मीही बरोबर होतो. दार त्या आजींनीच उघडलं. नीट विंचरलेले केस, पायात चपला, हातात कापडी पिशवी.

"गाडी आणलीत?" त्यांनी विचारलं.

शिक्षिका मागून धावत आल्या. "आई, अगं, हे..."

"गाडी आज नाही आली, आजी," ओळंबा म्हणाला.

"मग कधी येणार? मी कधीची उभी आहे."

ओळंबा जे सांगायला आला होता ते त्याने सांगितलं नाही. शिक्षिकांना म्हणाला, "आठ दिवस म्हणालो होतो. तीन आठवडे लागतील. चूक माझी आहे." आणि वळला.

घरी त्याने वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या. पाय थांबला नाही.

"जन्मभर दोर चावलात," त्या म्हणाल्या. "आता डिस्क चावा."

"नको म्हणतेस?"

"मी कुठे नको म्हणाले? नाहीतरी मी केलेलं तुम्ही न चावताच गिळता." मग मशीन थांबवून त्यांनी दोरा तोडला. दातांनी. "त्या म्हातारीला दाराशी किती दिवस उभं ठेवणार? जा."

दंतवैद्याकडे तो स्वतः सांगायला गेला. "साचा जपून ठेवा, डॉक्टर. तोंड कुठे जात नाही."

चौदा दिवसांनी प्रयोगशाळेतून डबी आली. या वेळी बाईंनी आम्हाला दुकानातच बसवलं आणि म्हणाल्या, "आता एकेक नग उघडायचा. माझ्यासमोर." आम्ही सलग पाच दिवस सकाळी बसलो. अकराशे अडतीस घरं, एकेक उघडून.

एवढ्या वर्षांत ओळंब्याने ते फोटो कधी परत बघितले नव्हते, मी तर नाहीच. काम असताना आम्ही त्यात फक्त अंतरं बघायचो. आता माणसं दिसायला लागली, आणि घरातला माणूस तर एकाही फोटोत नाही. खाटेखाली एकच चप्पल. भिंतीवर पेन्सिलीने मुलांची उंची मोजलेली, वर वर जाणारी, एके ठिकाणी थांबलेली. खिडकीत रिकामा पिंजरा, त्याचं दार दोऱ्याने बांधलेलं. "हे ते गोंद्याचं घर," मी म्हणायचो. कागदांना गोंद लावून विमानं करणारा एक म्हातारा होता. "त्याने मला एक दिलं होतं." ओळंबा म्हणायचा, "तू त्यावर बसलास." आणि बसलो होतो खरा. एका फोटोत आरशात आमची टोळी दिसली, दारात ताटकळलेली, सगळे काळ्या केसांचे. मी स्वतःला ओळखलं नाही. ओळंब्याने ओळखलं. "तो बघ. खालचं टोक."

बाईंनी चहा मागवला आणि त्याही बघत बसल्या. गिऱ्हाईक आलं तर म्हणायच्या, "थांबा जरा, आम्ही कपाट हलवतोय."

सात घरं आली नाहीत. ओळंब्याने त्या सातांच्या खुणा कागदावर लिहून खिशात ठेवल्या. "निळं कुलूप" आलं होतं, अखंड.

त्या रविवारी आम्ही दोघं शिक्षिकांकडे गेलो. शेजारीण आजींना बाहेर बाकावर घेऊन बसली होती. कपाट आत आणताना आम्हाला चार वेळा टेकावं लागलं. एके काळी ते आम्ही बोलत बोलत नेलं असतं. खाट फिरवली, डोकं खिडकीकडे. घड्याळ डावीकडे, बंद पडलेलं, तसंच बंद. कपाटावर पालथं घमेलं, घमेल्यावर घडी केलेली सतरंजी. उंबऱ्यापाशी पायपुसणं, थोडं तिरकं. ओळंबा छापून घेतलेला फोटो बघून सांगत होता. "दोन बोटं डावीकडे. हं." शिक्षिका भिंतीला टेकून उभ्या होत्या. घमेलं ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो. हो, ते होतं," आणि पदर तोंडाला लावला.

शेवटचा राहिला दारामागचा खिळा. ओळंब्याने तो ठोकला आणि एक डोळा मिटून बघितलं. सरळ. ओळंब्यासारखा.

आजींना आत आणलं. त्या खाटेवर बसल्या. चष्मा काढला आणि न बघता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ती जागा बरोबर होती.  मग त्या उठल्या, दारामागे गेल्या, पिशवी खिळ्याला लावली. पिशवी घसरून खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. त्यांचा चेहरा बदलायला लागला.

"हा आमचा नाही," त्या म्हणाल्या. "ही आमची खोली नाही. गाडी कुठे आहे?"

ओळंब्याने खिशातून तो फोटो बाहेर काढला, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी हातोडी दिली. त्याने खिळ्याच्या डोक्यावर आडवे दोन घाव घातले आणि तो वरच्या अंगाला, जरा डावीकडे वाकवला. इतक्या वर्षांत त्याने मुद्दाम वाकडं केलेलं मी पाहिलेलं हे एकच काम.

आजींनी पिशवी लावली. राहिली. त्यांनी हाताने ती एकदा चापून बघितली, खाटेवर येऊन बसल्या आणि आम्हा दोघांच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "पाय पुसून आलात का?"

"पुसतो, आजी," ओळंबा म्हणाला. आम्ही दोघांनी बाहेर जाऊन पाय पुसले.

सगळं बरं झालं असं नाही. लेकीला त्या अजूनही कधी कधी बाई म्हणतात. पण पिशवी खिळ्यावर आहे, आणि सकाळी दाराशी कोणी उभं नसतं.

ओळंबा अजून चार चाळीसला उठतो. चहात बुडवल्याशिवाय त्याला काही खाता येत नाही. दात कधी करणार विचारलं की म्हणतो, केले ना. आणि बोट वाकवून दाखवतो, वरच्या अंगाला, जरा डावीकडे. चौतीस वर्षांच्या मजुरीतलं जे शेवटचं उरलं होतं, त्यातून तो एक वाकडा खिळा आला.